मोंढ्यातल्या पट्टीला जेस्ट लावताना: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

काम पक्कं झालं. लातूरच्या मोंढ्यात काही अडत दुकानांवर आमचं पट्टीचं सॉफ्टवेअर चालतं. शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, वजन झालं की हमाली-तोलाई वजा करून हातात देतात ती हिशोबपट्टी यातूनच छापली जाते. आता दुकानदारांना इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन हाताने न टाइपता थेट पट्टीत यायला हवंय. मागणी रास्त आहे. पण वजनाला हात लावला की हिशोबाला धक्का लागणार, आणि हिशोबाच्या कोडला आजपर्यंत एकही टेस्ट (कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम) नाही. म्हणून आधी टेस्ट उभ्या करायच्या, जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाने.

कोड २०१२ च्या सुमाराचा आहे. जेक्वेरी १.८ (पानावरचे घटक हाताळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा, म्हणजे एका फायलीतलं दुसरीत रीतसर मागवायच्या सोयीचा, पत्ता नाही. एक एचटीएमएल पान आणि त्यात खालपर्यंत स्क्रिप्ट टॅगांची (एकेक जावास्क्रिप्ट फाइल पानात आणणाऱ्या ओळींची) रांग. लिहिणारे दोघं केव्हाच पुण्याला गेले. कोड मात्र रोज सकाळी शटर उघडलं की सुरू होतो आणि पट्ट्या छापतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा अधिकार माझ्याकडे नाही.

एक नियम आजच ठरवला: टेस्ट उभ्या राहीपर्यंत जुन्या फोल्डरमधल्या फायलीत एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. जी काय जुळवाजुळव करायची ती टेस्टच्या साधनात करायची.

८ जुलै

जेस्ट ३० घेतलं. त्याला नोड (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) १८ किंवा त्यापुढचं लागतं. ते माझ्या मशीनवर आहे, आणि दुकानातल्या जुन्या मशीनवर टेस्ट चालवायच्याच नाहीत, तेव्हा तो प्रश्न मिटला.

इंटरनेटवर सापडणारी बरीच उदाहरणं जुन्या आवृत्तीची आहेत, इथं सावध राहावं लागतं. आवृत्ती २७ पासून जेस्टचं मूळ वातावरण नोडचं झालं, म्हणजे ब्राउझर देतो ते विंडो आणि डॉक्युमेंट दोन्ही गायब. २८ पासून तर ब्राउझरसारखं वातावरण देणारं जेएसडॉमचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. ते बसवलं, कॉन्फिगमध्ये टेस्ट-एन्व्हायर्नमेंट जेएसडॉम केलं, आणि 'दोन अधिक दोन चार' छाप टेस्ट चालवून पाहिली. हिरवी आली, म्हणजे पास. साधन जागेवर आहे.

१० जुलै

जेक्वेरी एनपीएमवरून (नोडच्या पॅकेजांच्या भांडारातून) घ्यायची नाही. कोडमध्ये ठिकठिकाणी .लाइव्ह (क्लिकसारख्या इव्हेंटना फंक्शन बांधणारी जेक्वेरीची जुनी पद्धत) वापरलंय आणि ते १.९ मध्ये काढून टाकलं गेलं. नवी आवृत्ती टाकली तर पानावरचं निम्मं काम गप्प बसेल. पान ज्या फायलीवर चालतं तीच रिपॉझिटरीतली फाइल टेस्टमध्ये रिक्वायर केली, म्हणजे नोडच्या पद्धतीने लोड केली. १.८ स्वतःला सरळ विंडोवर टांगते, त्यामुळे ती विनातक्रार आली.

आमच्या स्वतःच्या फायली मात्र येईनात. रिक्वायर केली, एरर नाही, पण आतलं एकही फंक्शन बाहेर दिसेना. त्याचं कारण असं. ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट टॅगने आलेल्या फायलीतला वरच्या पातळीवरचा 'व्हार' (व्हेरिएबल) आणि फंक्शन आपोआप विंडोचे होतात, सगळ्या फायलींचा एकच सामाईक वाडा. जेस्ट प्रत्येक फाइल एका फंक्शनच्या पोटात घालून चालवतं. मग तोच 'व्हार' त्या फंक्शनपुरता उरतो आणि फाइल संपली की हाताला लागत नाही. हा जेस्टचा दोष नाही. मॉड्यूल (आपली नावं स्वतःपुरती ठेवणारी फाइल) म्हटलं की असंच चालतं. आमचा कोड मॉड्यूल नाही, एवढंच.

त्यात बेबेलही, म्हणजे जेस्टने चालवण्याआधी फाइल वाचून तिचं रूपांतर करणारं साधनही, रुसलं. महिन्यांचा अॅरे कुणीतरी ०१, ०२, ०३ असा नीट दोन आकड्यांत लिहिलाय. शून्याने सुरू होणारी संख्या जुन्या जावास्क्रिप्टमध्ये ऑक्टल (आठच्या पायावरची) धरतात. ०७ पर्यंत किंमत तीच राहते, ०८ आणि ०९ मध्ये ऑक्टलला न चालणारे अंक असल्यामुळे ते दशमान धरले जातात, आणि १० ला पुढं शून्यच नाही. म्हणजे सगळं निव्वळ नशिबाने बरोबर. पण बेबेल फाइल मॉड्यूल समजून वाचतं, मॉड्यूल म्हणजे स्ट्रिक्ट मोड (कडक नियम), आणि तिथं असल्या संख्या चालत नाहीत. जुन्या फोल्डरपुरता ओव्हरराइड टाकून सोर्सटाइप 'स्क्रिप्ट' केला. वाचायला लागलं.

१४ जुलै

फायलीतली नावं बाहेर कशी काढायची, यावर आज दिवसभर खल.

सर्वांत सोपा मार्ग: प्रत्येक फायलीच्या तळाशी 'मॉड्यूल असेल तर एक्स्पोर्ट कर' अशा दोन ओळी. बरेच जण हेच करतात आणि ते चालतंही. पण त्यासाठी फाइल बदलावी लागते, म्हणून बाद.

दुसरा: स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. जेस्ट फाइल वाचतं तेव्हा मजकूर आधी आपल्या हातात येतो. त्याला शेपटी जोडायची आणि वरच्या पातळीवरची सगळी नावं विंडोवर टाकायची. मूळ फाइल तशीच, बदल फक्त स्मृतीत. (२८ पासून ट्रान्सफॉर्मरने नुसती स्ट्रिंग परत करून भागत नाही, 'कोड' नावाची किल्ली असलेला ऑब्जेक्ट द्यावा लागतो. जुन्या ब्लॉगांवरचे ट्रान्सफॉर्मर इथंच अडतात.)

शेपटीत नुसती किंमत विंडोवर ठेवून भागत नाही. 'चालू पट्टी' हा व्हेरिएबल सुरुवातीला नल (रिकामा) असतो, पट्टी उघडली की त्यात ऑब्जेक्ट येतो. शेपटीने फाइल लोड होतानाचा नल विंडोवर ठेवला की दुसऱ्या फायलीला जन्मभर नलच दिसणार. म्हणून किंमत न ठेवता विंडोवर गेटर-सेटर बसवले. वाचलं की आतला खरा व्हेरिएबल वाचला जातो, लिहिलं की तोच बदलतो. याचा आणखी एक फायदा हाती लागला. टेस्टमधून एखाद्या फंक्शनच्या जागी मॉक (नकली फंक्शन) ठेवला तर तो सेटरमधून आत जातो, आणि त्याच फायलीतली बाकीची फंक्शनंही मॉकच वापरतात.

पहिल्या खऱ्या टेस्टची तयारी केली. दुकानातून जुन्या छापील पट्ट्यांच्या प्रती आणल्या आहेत, शेतकऱ्यांची नावं आणि गावं काळी करून. टेस्टचे अपेक्षित आकडे मी ठरवणार नाही, ते या कागदांवरून येतील.

१८ जुलै

एका पट्टीवर गाडं अडलंय.

सोयाबीन, १४.३५ क्विंटल, भाव ४,८९२ (म्हणजे २०२४-२५ चा हमीभावच). हमाली क्विंटलला ७.५० आणि तोलाई ३.२५ धरली, दर फक्त या नोंदीपुरते. मालाची किंमत ७०,२००.२०. हमाली १०७.६२५, तोलाई ४६.६३७५. ब्राउझरमध्ये पान उघडून हेच आकडे टाकले तर पट्टी म्हणते ७०,०४५. जेस्टमध्ये तीच फंक्शनं म्हणतात ७०,०४५ आणि वर नव्वदच्या पुढं पैसे.

कोड तोच, आकडे तेच, उत्तरं दोन. म्हणजे फरक आमच्या जुळणीत असणार.

२१ जुलै

सापडला. पैसे गोल करणारं फंक्शन दोन फायलींत आहे, एकाच नावाचं. हिशोबाच्या फायलीतलं दोन दशांशांवर थांबतं. छपाईच्या फायलीतलं पूर्ण रुपयावर जातं. ब्राउझरमध्ये वाडा एकच, त्यामुळे नंतर लोड होणारी छपाईची फाइल आधीच्या फंक्शनवर बसते आणि हिशोबाची फाइलसुद्धा नकळत छपाईचंच फंक्शन वापरते. माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र प्रत्येक फायलीचं फंक्शन तिच्या पोटातच राहिलं, आणि हिशोबाने स्वतःचं वापरलं.

म्हणजे या कोडचं वागणं फायलींत लिहिलेलंच नाही. ते स्क्रिप्ट टॅगांच्या क्रमात लिहिलंय. पानातल्या दोन ओळींची अदलाबदल करा, लातूरच्या पट्ट्यांवरचे रुपये बदलतील. हे कळल्यावर ट्रान्सफॉर्मर कितीही नीट लिहिला तरी उपयोगाचा नाही. टेस्टने पानाचा क्रम पाळलाच पाहिजे, आणि सगळ्या फायली खऱ्या ग्लोबलमध्येच, म्हणजे त्या एकाच सामाईक वाड्यात, चालल्या पाहिजेत.

नवी जुळणी: सेटअपफाइल्समध्ये (जेस्ट टेस्टच्या आधी चालवतं त्या यादीत) एक फाइल. ती एचटीएमएल पान वाचते, स्क्रिप्ट टॅग आहेत त्या क्रमाने काढते आणि प्रत्येक फायलीचा मजकूर विंडोच्या इव्हॅलने (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनने) चालवते. असा इव्हॅल ग्लोबल पातळीवर चालतो, त्यामुळे 'व्हार' आणि फंक्शनं थेट विंडोची होतात, एकावर एक बसतातही, अगदी ब्राउझरसारखी. मजकुराच्या शेवटी सोर्सयूआरएलची कमेंट जोडली की एरर आली तर फायलीचं नाव आणि ओळ दिसते. नाहीतर 'अनॉनिमस' वाचत बसा.

पानच जेएसडॉमला देऊन त्याच्याकडून स्क्रिप्ट लोड करून घेता आल्या असत्या. पण तो मार्ग असिंक्रोनस, आणि फाइल वाचताना मजकूर आपल्या हातात येत नाही. तो हातात लागणार आहे, कारण खाली.

आज पट्टी ७०,०४५ आली.

२२ जुलै

फायलींचं एन्कोडिंग. छपाईच्या फायलीत मराठी शीर्षकं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या मराठी फॉन्टच्या आठ बिटांच्या सांकेतिक अक्षरांत आहेत. यूटीएफ-८ म्हणून वाचलं की त्यांच्या जागी चौकोनातली प्रश्नचिन्हं. पानाच्या मेटा टॅगात विंडोज-१२५२ लिहिलंय, म्हणून आयकॉनव्ह-लाइट या एन्कोडिंग बदलणाऱ्या पॅकेजने तसंच वाचलं. ठीक.

२४ जुलै, अमावस्या

अमावस्येला दुकान बंद, म्हणून मुनीमकाका ऑफिसात आले. एरवी त्यांना मोंढ्यातून हलवणं अशक्य. त्यांना ७०,०४५ ची पट्टी दाखवली आणि विचारलं, वजावटी आधी बेरीज करून मग गोल केल्या तर १५४ होतात, तुमच्या पट्टीवर १५५ आहेत. हा एक रुपया कुठला?

काकांनी चष्मा वर केला. "एकशे आठ हमाली, सत्तेचाळीस तोलाई. बरोबरच हाय की."

"पण दोन्हीकडं वर चढवलंय, काका. बेरीज करून गोल केली तर रुपया कमी होतो."

"बेरीज कुणाला द्यायची? हमालाला हमाली द्यायची, तोलाराला तोलाई द्यायची. हमालाच्या वहीत पैसे नसतेत, तोलाराच्या वहीत बी नसतेत. संध्याकाळी दोघांचा हिशोब येगळा मिटतो. पट्टीवर एक आन् वहीत दुसरं झालं तर रात्री मी काय करलालो, रुपया हुडकलालो?" मग थांबून म्हणाले, "कधी वर जातंय, कधी खाली. एका पट्टीवरून बघू नगा."

म्हणजे जो भाग आम्ही अपघात समजत होतो त्यावर दुकानाच्या तीन वह्या जुळतात. मूळ लेखकांनी ते जाणून केलं की दोन फंक्शनांच्या नावाच्या टकरीतून झालं, हे विचारण्यात आता अर्थ नाही. टेस्टचं नाव ठेवलं: 'हमाली आणि तोलाई वेगवेगळी पूर्ण रुपयात गोल होते'. आमच्या धाकट्या सहकाऱ्याला हे फंक्शन नीट करायची फार घाई होती. त्याला ही टेस्ट वाचायला दिली.

२८ जुलै

आज बेरजेची टेस्ट. एका पट्टीत तीन वाण टाकले: सोयाबीन, तूर, हरभरा. एकूण आली शून्य.

कोड वाचला तेव्हा उलगडलं. काढून टाकलेली ओळ पानावरून पुसत नाहीत, नुसती लपवतात, आणि बेरीज फक्त दिसणाऱ्या ओळींची करतात. 'दिसणारी' हे जेक्वेरीच्या :व्हिजिबलने ठरतं. १.८ मध्ये तो फिल्टर घटकाची रुंदी आणि उंची बघतो, दोन्ही शून्य असतील तर लपलेला धरतो. जेएसडॉम पान मांडतच नाही, ते फक्त झाड ठेवतं. तिथं प्रत्येक घटकाची उंची शून्य, प्रत्येक रुंदी शून्य. म्हणजे जेस्टच्या नजरेत आमची अख्खी पट्टी अदृश्य.

एचटीएमएल-एलिमेंटच्या प्रोटोटाइपवर ऑफसेट-विड्थ आणि ऑफसेट-हाइटचे (रुंदी आणि उंचीचे) स्वतःचे गेटर बसवले. घटकाला किंवा त्याच्या कुठल्याही पूर्वजाला डिस्प्ले नन असेल तर शून्य, नाहीतर एक. खरी उंची कुणाला हवीय? लपलंय की नाही एवढंच लागतं. बेरीज आली, आणि ओळ लपवली की तेवढी वजाही झाली.

जेएसडॉममध्ये नसलेल्या बाकीच्या गोष्टी याच फायलीत उरकल्या. प्रिंट आणि अलर्टच्या जागी मॉक. कन्फर्मकडं (हो-नाही विचारणाऱ्या खिडकीकडं) खास लक्ष द्यावं लागलं. जेएसडॉमचा कन्फर्म कन्सोलवर कुरकुरतो आणि काहीच परत करत नाही, म्हणजे कोडच्या दृष्टीने उत्तर कायम 'नाही'. 'पट्टी रद्द करायची का?' याची 'हो' बाजू त्यामुळे कधी तपासलीच जात नाही, आणि टेस्ट मात्र हिरव्या राहतात. आता प्रत्येक टेस्टने कन्फर्मचं उत्तर स्वतः सांगायचं. न सांगता तो बोलावला गेला तर टेस्ट लाल करायची.

३० जुलै

तारखा. पट्टीवरची तारीख काढायला जुना कोड आयएसओ स्ट्रिंगची (वर्ष-महिना-दिवस असा सुरू होणारा मजकूर) पहिली दहा अक्षरं घेतो. ती स्ट्रिंग यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) असते, आपण साडेपाच तास पुढं. पहाटे साडेपाचच्या आत केलेल्या पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी हे कुणाच्या लक्षात येणार नाही. पण सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर रात्रभर उतरतात, आणि ३१ मार्चच्या रात्री तर तारखेबरोबर आर्थिक वर्षही बदलतं.

टेस्ट माझ्या मशीनवर एक आणि बिल्ड सर्व्हरवर (टेस्ट आपोआप चालतात त्या मशीनवर) दुसरं सांगू नयेत म्हणून टाइमझोन एशिया/कोलकाता ग्लोबल-सेटअपमध्ये बसवला, टेस्टचे वर्कर सुरू व्हायच्या आधी. टेस्टच्या आत बदलून भरवसा नाही. घड्याळ बनावट टायमरने १ एप्रिल २०२५, रात्री साडेबारावर थांबवलं. बनावट टायमर सेटटाइमआउटही गोठवतो, आणि पान आधीच पूर्ण असेल तर जेक्वेरी रेडीचं काम सेटटाइमआउटवरच टाकते, म्हणून तेवढा 'डू-नॉट-फेक'मध्ये वगळला. पट्टीवर ३१ मार्च आला. चूक आहे, पण आज टेस्टने तीच नोंदवली, आणि शेजारी मालकांना विचारायच्या यादीचा क्रमांक लिहिला. ही दुरुस्ती त्यांच्या होकाराशिवाय नाही. हिशोब तपासनिसाकडं गेलेल्या वह्या जुन्या तारखांच्या आहेत.

४ ऑगस्ट

कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या कुठल्या ओळी चालल्या याची मोजणी) कोरं. जेस्ट फक्त स्वतः ट्रान्सफॉर्म केलेल्या फायली मोजतं, इव्हॅलने चालवलेल्या त्याला दिसत नाहीत. उपाय छान निघाला. इस्तंबूल या कव्हरेज साधनाचं इन्स्ट्रुमेंट करणारं (कोडमध्ये मोजणीच्या खुणा घालणारं) पॅकेज आपणच वापरायचं आणि मजकूर इव्हॅलला द्यायच्या आधी त्यातून काढायचा. मोजणी ग्लोबलवरच्या कव्हरेज ऑब्जेक्टमध्ये जमा होते, आणि प्रोव्हायडर बेबेल असेल तर जेस्ट शेवटी तोच ऑब्जेक्ट उचलतं. इन्स्ट्रुमेंटरला 'ईएस मॉड्यूल नाही' सांगितलं की ०८-०९ वरही तो अडत नाही. म्हणून फाइल हातात हवी होती. कव्हरेज मागितलं असेल तेव्हाच ही पायरी चालते, नाहीतर प्रत्येक टेस्ट फायलीला उगाच उशीर.

कव्हरेजची अट सगळ्या प्रकल्पाला लावायला मी नाही म्हटलं. रंग बदलणाऱ्या मेनूची टेस्ट लिहून कुणाचं भलं होणार? अट फक्त हिशोबाच्या आणि छपाईच्या फायलीला.

६ ऑगस्ट

टेस्ट एकमेकींना बिघडवत होत्या. जेस्टचं रिसेट-मॉड्यूल्स (मॉड्यूल नव्याने लोड करायची सोय) इथं निरुपयोगी, कारण आमच्याकडं मॉड्यूलच नाहीत. प्रत्येक टेस्ट फायलीला जेस्ट नवं विंडो देतं, त्याचा फायदा घ्यायचा: एका पडद्याला एक टेस्ट फाइल. आतल्या आत दर टेस्टआधी बॉडीचं एचटीएमएल आणि चालू पट्टी मूळपदावर. .लाइव्हचे इव्हेंट डॉक्युमेंटवर बांधलेले असतात, बॉडी बदलली तरी सुटत नाहीत. ज्या .लाइव्हवर मी पहिल्या आठवड्यात वैतागलो होतो तेच इथं कामाला आलं.

१२ ऑगस्ट

छापील पट्टीच्या एचटीएमएलचे स्नॅपशॉट (पुढच्या वेळी ताडून पाहायला जपलेल्या प्रती) घेतले. बिल्ड सर्व्हरवर सीआय झेंडा लावलाय, म्हणजे तिथं नवा स्नॅपशॉट आपोआप लिहिला जाणार नाही. धाकट्याला सांगून ठेवलं: स्नॅपशॉट लाल झाला की अपडेटची कळ दाबायच्या आधी फरक वाच. आणि रुपया हलला असेल तर दाबूच नको, मला बोलव.

सिंक्रोनस अजॅक्सच्या (सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या) हाका मॉक केल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

स्क्रिप्ट टॅगांच्या क्रमावरच एक टेस्ट लिहिली: छपाईची फाइल हिशोबाच्या फायलीनंतरच आली पाहिजे, नाहीतर लाल. पान कुणी नीटनेटकं करायला गेलं तर तिथंच अडेल.

काट्याच्या वजनाचं काम आजपासून कोडच्या वेगळ्या शाखेवर सुरू. पहिला बदल छोटा आहे, वजन टाइप केलेल्या खोक्यातून न वाचता एका फंक्शनमधून वाचायचं. जुन्या पट्ट्यांच्या टेस्ट त्या बदलानंतरही हिरव्या आहेत. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक वाढली की दुकानात नवं काही बसवू देणार नाहीत, मुनीमकाकांनी बजावलंय. तोवर एका दुकानात काटा जोडायचा, बाकीची दुकानं आवक ओसरल्यावर. मालकांना विचारायच्या यादीत तारखेचा मुद्दा अजून तसाच आहे.